चौदा नंबरची नळी

बेंगळुरूत माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलल्या त्या मथुराअक्का. मी पुण्याहून कोळ्यांवर पीएच.डी. करायला आले होते. राजाजीनगरातल्या एका जुन्या कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग, लांबलचक खोली, भिंतीला लागून लाकडी कपाटं आणि कपाटांत हजारो लहान बाटल्या. एक बाई स्टुलावर चढून एकेक बाटली उतरवत होत्या, बूच काढून आत थेंब थेंब अल्कोहोल घालत होत्या. माझं नाव ऐकल्यावर हातातली बाटली तशीच धरून त्या वळल्या.

"शाल्मली? म्हणजे मराठी का गे तू?"

मी हो म्हटलं. "आणि तुम्ही?"

"आम्हीपण. शहाजीराजांबरोबर आलो म्हणतात. खरं-खोटं कुणाला ठाऊक? आलो तेव्हा आलो." एवढं बोलून त्या पुन्हा बाटल्यांकडे वळल्या.

मथुरा अंबोरे विभागात अटेंडर होत्या. दारं उघडायची, काचसामान धुवायचं, उडून गेलेल्या अल्कोहोलची भर घालायची, ही त्यांची कामं. वडील व्यंकोजी अंबोरे यांचं राजाजीनगरात शिवणकामाचं दुकान होतं. मथुराअक्का दहावीपर्यंत शिकल्या आणि मग वडिलांच्या शेजारच्या मशीनवर बसल्या. लग्न नात्यातच झालं, म्हणून आडनावही तेच राहिलं. नवरे सयाजी एका कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर होते. तो कारखाना बंद पडला तेव्हा घरात दोन मुली शाळेत जाणाऱ्या. त्या वेळी आमचे विभागप्रमुख गुरुप्रसाद सर सूट शिवून घ्यायला दुकानात यायचे. त्यांनी विचारलं, "कॉलेजात काम आहे, याल का?" मथुराअक्का दुसऱ्या दिवशी हजर झाल्या. मी भेटले तेव्हा त्याला एकोणीस वर्षं झाली होती.

एकोणीस वर्षं बाटल्या हाताळताना त्या चिठ्ठ्या वाचत आल्या होत्या. कुठला कोळी कुठल्या बाटलीत, कुणी कुठून आणला, सगळं पाठ. एकदा त्यांनी मला विचारलं, "तुझे ते पिशवीवाले कोळी आधी एकाच कपाटात होते. सरांनी मग पाच कपाटांत का वाटले?"

माझा विषय नेमका तोच होता. पिशवी कोळी जाळं विणत नाहीत. दिवसा रेशमाच्या पिशवीत झोपतात, अंधार पडला की शिकारीला निघतात. आठ डोळे दोन ओळींत, पायाच्या टोकाला दोन नख्या. पूर्वीच्या लोकांनी एवढं जुळलं की कोळी त्या एका कुळात टाकून दिला. पुढे बारकाईने पाहिल्यावर कळलं, की त्यांतले बरेच एकमेकांचे जवळचे नातेवाईकच नाहीत. मुंग्यांची नक्कल करणारे वेगळे निघाले, लांब पायांचे पिवळे वेगळे निघाले, जमिनीवर पाचोळ्यात पळणारे वेगळे. एका कुळाची कितीतरी कुळं झाली, आणि अजून होताहेत.

त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "दुकानात चिंध्यांचं बोचकं असतं. कशाचं काय करायचं कळलं नाही की त्यात टाकायचं. आता ते सोडायला बसलात म्हणा."

"तसंच."

"सरी, बरं. मग अजून चुकीच्या गठ्ठ्यात पडलेले असतीलच."

आहेत, मी म्हटलं. आणि विसरून गेले.

ऑक्टोबरात आयुधपूजेच्या आधी कॉलेजची साफसफाई निघाली. मागच्या कुंपणापाशी कमरेएवढं गवत वाढलं होतं, ते कापायला यंत्र येणार होतं. मी सूक्ष्मदर्शक पुसत होते, तेवढ्यात मथुराअक्का धापा टाकत आल्या. हातात गवताचं एक पातं, मुळाजवळून खुडलेलं.

"स्वल्प, जरा बघ हे. यंत्र यायच्या आधी मी एक फेरी मारली."

पात्याचं टोक दोनदा दुमडलेलं होतं आणि त्याची बंद पुडी झाली होती. कडा पांढऱ्या रेशमाने जोडलेल्या.

"कुठेही टाका सुटलेला नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या बाबांनी खिसा असा शिवला असता. आणि हे बघ, ह्या घडीजवळ रेशीम दुहेरी आहे. ताण तिथेच येतो ना."

उजेडासमोर धरल्यावर आत एक फिकट पिवळी मादी दिसली, अंड्यांच्या गोळ्याला कवटाळून बसलेली. मला माझ्या कामासाठी माद्या हव्याच होत्या. मी अल्कोहोलची बाटली पुढे ओढली.

मथुराअक्कांनी पातं मागे घेतलं. "आत्ता नाही."

"अक्का, माझं कामच ते आहे."

"माहीत आहे गे. पण ती बाळंतीण आहे. पिल्लं सुटू देत. मग ती कुठे जाते? तुझीच आहे."

मला राग आला होता. पण त्या माझ्या आईच्या वयाच्या, आणि पातं त्यांच्या हातात. मी बाटलीचं बूच लावलं.

तीन आठवड्यांनी, बरणीत ठेवलेल्या त्या पुडीतून पिल्लं बाहेर आली, मोहरीपेक्षा लहान. दोन दिवसांनी आई आपणहून मेली. मी तिला अल्कोहोलात घातलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पोटाखालची खूण पाहिली. मादीची ओळख त्या खुणेवरूनच पटते. ही खूण मी पूर्वी पाहिली होती, एका जुन्या चित्रात. शंभरेक वर्षांपूर्वी एका इंग्रज साहेबाने मद्रासकडच्या दोन माद्यांवरून या जातीला नाव दिलं होतं आणि तिला पिशवी कोळ्यांच्या मूळ कुळात ठेवलं होतं. त्यानंतर ती कुणाला सापडली नव्हती. तिचा नर तर कुणीच कधी पाहिला नव्हता. मला मात्र तिचे लांब पाय पाहून शंका आली, की ही पिवळ्यांच्या कुळातली असावी. पण खात्री करायला नर हवा. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड पाय असतात, हातांसारखे. त्यांच्या टोकाची घडण पाहिली की कूळ पक्कं कळतं.

"मग नर पिल्लांत असतीलच की," मथुराअक्का म्हणाल्या.

"असतील. पण वाढवायला जमत नाहीत. मी पुण्यात दोनदा प्रयत्न केला. एकही जगलं नाही."

"किती नळ्या आहेत जास्तीच्या?"

त्यांनी बासष्ट काचनळ्या मांडल्या. प्रत्येकीत एक पिल्लू, कारण एकत्र ठेवली तर ती एकमेकांना खातात. प्रत्येक नळीवर नंबर, तोंडाला कापसाचा बोळा, तळाशी ओला कापूस. एलक्की, म्हणजे इथली छोटी वेलची केळी, काळी पडेपर्यंत डब्यात ठेवून त्यावरची चिलटं त्या पकडायच्या आणि एकेका नळीत सोडायच्या. हे सगळं सकाळी आठला, विभाग उघडायच्या आधी. मी मारतहळ्ळीला भावाकडे राहायचे. बस आणि मेट्रो करून पोहोचायला मला दहा वाजायचे, तोवर बासष्ट जणांचा नाश्ता उरकलेला असायचा.

जानेवारीत बुरशी आली. एका आठवड्यात एकोणीस नळ्या गेल्या. एक दिवस मी आले तेव्हा त्या रिकाम्या नळ्या गरम पाण्यात घालून बसल्या होत्या आणि डोळे पदराने पुसत होत्या.

"मीच मारली ती. कापूस फार ओला केला."

"अक्का, माझी सगळीच मेली होती."

"तुझी मेली म्हणून माझी का मरावीत?"

त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी सयाजीरावांना सगळं सांगितलं. सयाजीराव आता घराच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करायचे. ते म्हणाले, "बोळा काढून टाक. मलमल बांध. वारा जाईल, किडा जाणार नाही." त्यांनी जुन्या धोतराच्या मलमलीचे रुपयाएवढे गोल कापून दिले. मथुराअक्कांनी ते दोऱ्याने नळ्यांच्या तोंडावर बांधले, ओला कापूस निम्मा केला. बुरशी थांबली. तरी कुणी कात टाकताना अडकून मेलं, कुणी खाणंच सोडलं. एप्रिलपर्यंत अकरा उरली.

त्यांतलं पहिलं मोठं झालं ते चौदा नंबरचं, आणि तो नर होता.

मी त्याला सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. तोंडाजवळच्या त्या आखूड पायाच्या टोकावर मागे वळलेला लांब काटा होता. पिवळ्यांच्या कुळाची खूण. माझी शंका खरी ठरली होती. आनंदाने मी मथुराअक्कांना हाक मारणार, तेवढ्यात त्या काट्याचं टोक नीट पाहिलं. ते दुभंगलेलं होतं. असं टोक असलेली एकच जात मला ठाऊक होती, आणि तिची बाटली त्याच खोलीतल्या कपाटात होती.

ती जात गुरुप्रसाद सरांची. अठ्ठावीस वर्षांपूर्वी हेसरघट्टाच्या माळावर त्यांना चार नर मिळाले होते. जात नवी ठरवून त्यांनी तिला आपल्या आईचं नाव दिलं होतं. आई पुट्टम्मा, म्हणून कोळी 'पुट्टम्मी'. त्याची मादी त्यांना आयुष्यभर मिळाली नव्हती. साहेबाला मादी मिळाली, सरांना नर मिळाला. जात मात्र एकच होती, आणि नियम असा की आधीचं नाव राहतं, नंतरचं बुडतं.

मी मथुराअक्कांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या. विभागातल्या खुर्चीवर बसलेलं त्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"म्हणजे सरांच्या आईचं नाव जाणार?"

"हो."

"माझ्यामुळे."

त्यांनी चौदा नंबरची नळी हातात घेतली. मग म्हणाल्या, "न सांगितलं तर?"

"तर ती चुकीच्या गठ्ठ्यातच राहील."

त्यांनी डोळे मिटले. "सरी. पण मीच सांगते. तू नको."

सर त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचे होते, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. शांत माणूस, कुणाला कधी आवाज चढवून बोलले नव्हते. मथुराअक्का त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलल्या. मला शब्द तुटक कळले, चेहरा पूर्ण कळला. त्यांनी चौदा नंबर पाहिला, मग साहेबाच्या मादीचं चित्र, मग चौदा नंबर पुन्हा. आणि मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "बाहेरचा नर नळीत शिरला असेल. नळ्या उघड्या राहतात. अशा कामाला शिस्त लागते."

मथुराअक्कांना इंग्रजी तेवढं कळत होतं. त्या लाल झाल्या. कपाटाकडे गेल्या आणि एक वही घेऊन आल्या. शाळेच्या मुलांची असते तशी, दोनशे पानी.

ती वही मी रोज त्यांच्या हातात पाहिली होती, पण वाचू शकले नव्हते. मथुराअक्का कन्नड शाळेत शिकलेल्या. त्या मराठी लिहायच्या, पण कन्नड अक्षरांत. त्यांच्या घरी सगळे तसंच लिहितात. मला अक्षरं येत नव्हती आणि सरांना भाषा येत नव्हती.

सरांनी वही उघडली. प्रत्येक पानावर नंबर, तारखा, आणि चिकटपट्टीखाली दाबलेल्या काती. पिल्लाने टाकलेली प्रत्येक कात त्यांनी जपली होती, लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत. सर चौदाव्या पानावर थांबले.

"काय लिहिलंय हे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही वाचा सर," मथुराअक्का म्हणाल्या. "शाल्मली अर्थ सांगेल."

मग सर मोठ्याने वाचू लागले. न कळणारी भाषा, एकेक अक्षर लावत. मी ऐकून इंग्रजीत सांगत गेले.

"आज कात टाकली. तिसरी. दोन दिवस जेवला नाही."

"मलमल बदलली. दोरा पक्का आहे."

"आज चिलट सोडलं, पळून गेलं. दुसरं दिलं. खाल्लं."

"तोंडाजवळचे हात फुगलेत, मोजे घातल्यासारखे. मुलगा असावा."

कातींमध्येही ते दिसत होतं. शेवटच्या कातीवर आखूड पायांची टोकं फुगलेली होती. बाहेरून आलेल्या मोठ्या नराची कात नळीत कशी असेल? सर भिंग घेऊन ती पाहत राहिले. मग शेवटची ओळ वाचली.

"आज सकाळी कात. पाचवी. मुलगाच. आईसारखा दिसत नाही, पण आईचाच."

मी अर्थ सांगायच्या आधीच ते थबकले. "आई म्हणजे?"

"तायी," मथुराअक्कांनी कन्नडमध्ये सांगितलं.

सरांनी वही मिटली, टेबलावर ठेवली आणि चष्मा काढला. "शिस्तीबद्दल मी जे बोललो, ते चुकलं," ते कन्नडमध्ये म्हणाले. मग छत्री घेऊन घरी गेले.

दोन दिवस ते आले नाहीत. मथुराअक्कांनी ते दोन दिवस कसे काढले हे त्यांनी मला नंतर सांगितलं. सयाजीराव म्हणाले होते, तू काही चोरी केलेली नाहीस. पण अक्कांना सारखं आठवायचं, कारखाना बंद पडलेला, आणि हा माणूस दुकानात येऊन कामाला बोलावतोय. तरी नळ्यांना खाणं घालायची एकही वेळ चुकवली नाही.

तिसऱ्या दिवशी सर आले ते सरळ नळ्यांच्या टेबलापाशी. एव्हाना आणखी दोन नर मोठे झाले होते आणि तीन माद्या. सरांनी सहाही जण पाहिले. माद्यांची खूण अगदी साहेबाच्या चित्रासारखी.

"छान जुळतं," ते म्हणाले. "लेख आपण तिघांनी लिहायचा. नाव मीच बुडवणार. माझ्या चुकीची दुरुस्ती दुसऱ्याने का करावी?"

मथुराअक्का म्हणाल्या, "सर, दुसरा एखादा नवा कोळी मिळाला, तर त्याला आईचं नाव देता येईल ना?"

"जवळच्या जातींच्या त्याच गटात पुन्हा तेच नाव चालत नाही. नियम आहे." सर थोडे हसले. "पण नाव पुसलं जात नाही, मथुरम्मा. खऱ्या नावाच्या खाली, दरवेळी, बारीक अक्षरात ते लिहावंच लागतं. आमची आई फोटोतसुद्धा मागेच उभी राहायची."

लेख तयार व्हायला सात महिने लागले. साहेबाची जात जुन्या कुळातून पिवळ्यांच्या कुळात गेली. नर-मादीची चित्रं मी काढली, पानाच्या पुडीचं चित्र मात्र मथुराअक्कांनी काढलं, पेन्सिलने, घडीचा एकेक टाका दाखवून. लेखकांच्या नावांत त्यांचं नाव लिहिताना पदवी कोणती, असा रकाना आला. सर म्हणाले, रिकामा सोडू या, तिथे काही नसलं तरी चालतं. मथुराअक्कांनी छापील पान घरी नेलं. सयाजीरावांनी ते इंग्रजी पान उलटसुलट पाहिलं आणि मुलींना फोन लावला. मोठी हुबळीला असते, धाकटी बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत. धाकटीने लेखाचा दुवा ऑफिसात सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं, माझी आई.

त्यानंतर कॉलेजने कुंपणाजवळचं गवत कापणं थांबवलं. सरांनीच पत्र लिहून ते करून घेतलं. आता पहिल्या वर्षाच्या मुलांना मथुराअक्का तिथे नेतात. दुमडलेलं पान कसं ओळखायचं, ते न फाडता आत कसं पाहायचं, हे शिकवतात. गेल्या पावसाळ्यात त्यांनी मुलांबरोबर एका फेरीत सात तऱ्हेच्या पुड्या जमवल्या. पान एकदा दुमडलेलं, दोनदा दुमडलेलं, दोन पानं एकत्र जोडलेली, सालीच्या फटीतली, दगडाखालची. त्यांचं म्हणणं, शिवण वेगळी म्हणजे शिवणारी वेगळी. ते नेहमी खरं नसतं, हेही त्या मुलांना सांगतात. पण शोधायला सुरुवात कुठून करायची, ते कळतं.

माझा प्रबंध गेल्या महिन्यात पूर्ण झाला. त्याच आठवड्यात श्रीलंकेतून एका संशोधक बाईंची ईमेल आली. त्यांच्याकडे पिशवी कोळ्याच्या चार जातींच्या माद्या आहेत, नर एकीचाही नाही. पिल्लं वाढवायचा प्रयत्न केला, सगळी बुरशीने गेली. पत्राची सुरुवात होती, 'डॉ. मथुरा अंबोरे यांस'.

मी ते वाचून दाखवलं. मथुराअक्का तोंडावर हात धरून हसल्या.

"डॉक्टर नाही म्हणून आधी कळव. नाहीतर बाई फसायची."

"आणि पुढे काय लिहू?"

त्यांनी हात पुसले, स्टूल ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि पडद्यावर वाकल्या.

"विचार, त्यांच्याकडे हवा किती दमट आहे? नळीचं तोंड कशाने बांधतात? आणि म्हणावं, चारही जातींची पिल्लं एकदम घेऊ नका. आधी एक घ्या. कुठली अंडी आधी फुटतात ते विचार, मग सांगते."

मी टाइप करायला लागले.